एका रात्रीची मोजदाद

आमच्यापुढे धर्मग्रामाची कुटुंबवही उघडी आहे. प्रत्येक घराला एक पान. कोणाचा स्नानसंस्कार केव्हा झाला, कोण कोठे नांदावयास गेली, हे त्यात क्रमाने लिहिलेले. यंदा घरभेटीच्या तयारीत पाने चाळताना एक शेरा वारंवार आढळला: 'मुंबईस गेला.' आदिलाबादहून नंदीग्राम एक्सप्रेस थेट मुंबईस जाते आणि कापसाची कामे सरली की आपल्याकडची तरुण मुले तिच्यात बसतात. शेऱ्यापुढचा रकाना पत्त्याचा. तो कित्येक ठिकाणी कोरा आहे.

ही मुले तेथे रात्री कोठे निजतात? कोणी पदपथावर निजत असेल, तर त्याची गणती कोण ठेवतो?

सरकार ठेवते, परंतु जनगणनेपुरती आणि तीही एकाच रात्री. 2011 साली ती रात्र 28 फेब्रुवारीची होती. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, देवळाच्या आवारात जो उघड्यावर राहतो त्यास जनगणना बेघर मानते. अशी माणसे देशभरात सुमारे 17 लाख 73 हजार भरली. बृहन्मुंबईत सुमारे 57 हजार. 2001 साली देशाचा आकडा 19 लाख 43 हजारांवर होता. तेव्हा बेघर घटले, असे कोणासही वाटेल. परंतु घटले ते खेड्यांत. शहरांत ते 7 लाख 78 हजारांवरून 9 लाख 38 हजारांवर गेले.

शिवाय या मोजणीतून सुटणारे पुष्कळ. हुसकावून लावतील या भयाने जागा सोडणारा सुटतो. रात्री मुद्दाम आडोसा शोधणारी एकटी स्त्री सुटते. दुकानात राखणीला निजणारा नोकर मोजला जातो, पण बेघरांत नव्हे. त्याच्या डोक्यावर छप्पर आहे ना!

याहून मोठी उणीव निराळीच आहे. समजा, एखाद्या शहरात दोन्ही मोजण्यांत हजारच माणसे भरली. तीच हजार माणसे दहा वर्षे रस्त्यावर पडून होती, की जुनी सुटली व नवी आली? आकडा एकच, पण पहिल्या स्थितीत माणसांना घर हवे, दुसरीत त्यांच्या गावी काम हवे. लंडन शहरात यासाठी 'चेन' नावाची नोंद ठेवतात. रस्त्यावर भेटलेल्या प्रत्येकाची नोंद होते आणि वर्षअखेर तीन गट पाडतात: नव्याने आलेले, मागील वर्षापासून तेथेच असलेले, व मध्यंतरी सुटून पुन्हा परतलेले. हा तिसरा गट आम्हास सर्वांत बोलका वाटतो. खुद्द मुंबईतही 1985 साली स्पार्क या संस्थेने पदपथांवरील सुमारे 6 हजार कुटुंबांची पाहणी केली होती.

मोजदादीवर काय अवलंबून आहे, तेही पाहावे. केंद्राच्या 2013 च्या योजनेने शहरातील दर लाख वस्तीमागे किमान शंभर माणसांच्या निवाऱ्याचे प्रमाण ठरविले. मुंबईची वस्ती 2011 साली सुमारे 1 कोटी 24 लाख. प्रमाण पुरेपूर पाळले तरी सोय 12,400 जणांची. मोजलेले मात्र 57 हजार. हे प्रमाण शहराच्या वस्तीवर बांधलेले आहे, बेघरांच्या संख्येवर नाही.

2021 ची जनगणना लांबली. आता तिच्यासाठी 1 मार्च 2027 ही तारीख ठरली आहे. त्या रात्री गावच्या यादीत आपला मुलगा 'बाहेरगावी' ठरेल आणि शहरातला प्रगणक त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.

पुढील आठवड्यापासून आम्ही घरोघर येऊ. ज्यांचे कोणी मुंबईस, हैदराबादेस वा अन्यत्र गेले असेल, त्यांनी शेवटचा फोन केव्हा आला व तो कोठून बोलत होता, एवढे आठवून ठेवावे. खोलीचा क्रमांक नसेल, तर पुलाचे किंवा फलाटाचे नाव सांगितले तरी आम्ही लिहून घेऊ.