गाडीचा ताप किती असावा?

माणसाच्या अंगात ताप किती असावा, हे घरातील प्रत्येक आजीस ठाऊक असते. परंतु गाडीच्या अंगात तो किती असावा, याविषयी जाणत्यांतही एकमत आढळत नाही. हैदराबादेत जुनी गाडी जपणारे स्नेही वारंवार विचारतात, ‘थर्मोस्टॅट किती अंशांचा घ्यावा?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्या घराने पुरते मोल देऊन मिळविले आहे.

वडिलांनी 1964 साली अॅम्बेसेडर घेतली. तिचे 1489 घनसेंटिमीटरचे इंजिन मूळचे विलायती घराण्याचे. एका उन्हाळ्यात काचीगुड्याच्या उस्तादांनी थर्मोस्टॅट हातात घेऊन निकाल दिला, ‘ठंडे मुल्कां की चीज है साब, निकाल देव!’ वडिलांनी तो काढून टाकला. पुढे हिवाळ्याच्या सकाळी चोक ओढून गाडी काढावी, सुलतान बाजारापर्यंत जावे, तोवर इंजिन कोमटच असे. प्लग काळवंडत, पेट्रोल अधिक जाई, तेलात चिखलासारखा गाळ साचे. अखेर सिलिंडर झिजले आणि इंजिन बोअर करावे लागले. नवल असे की, ज्या उन्हाळ्याच्या भयाने थर्मोस्टॅट काढला, त्याच उन्हाळ्याने आम्हांस गाठले. मे महिन्यात आईस तुळजापूरच्या दर्शनास नेत असता जहीराबादेपाशी रेडिएटर उकळला आणि वृद्ध आईस भर दुपारी रस्त्याकाठच्या झाडाखाली बसवावे लागले.

त्या दिवशी एक गोष्ट उमगली. थर्मोस्टॅट ही सिलिंडर-हेडच्या मुखाशी बसविलेली झडप होय. तिच्या कुपीतील मेण ठरलेल्या तापमानास वितळून फुगते व झडप उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे जात नाही. म्हणजे तिच्यावर कोरलेला आकडा हा उंबरठा आहे, आढे नव्हे. इंजिनाने किमान किती तापावे, एवढेच तो सांगतो. कमाल ताप ठरवितात ते रेडिएटर, पंखा आणि पाण्याचा पंप. आमचा रेडिएटर बोअरवेलच्या जड पाण्याच्या क्षाराने तुंबला होता. दोष तेथे होता.

या घराण्याच्या इंजिनांस 74, 82 व 88 अंश सेल्सिअसचे थर्मोस्टॅट मिळतात. 88 थंड प्रदेशासाठी, 82 सर्वसाधारण आणि 74 उष्ण प्रदेशासाठी, असा जुना संकेत आहे. त्यानुसार हैदराबादेस 74 हवा, असे वाटणे साहजिक आहे. परंतु भर मे महिन्यात, गर्दीच्या रस्त्यावर, दोन्ही झडपा पूर्ण उघड्याच असतात. तेव्हा 74 ने विशेष काही साधत नाही. उलट डिसेंबरच्या पहाटे 82 इंजिनास लवकर ऊब देतो व तेलातील ओलावा उडवून लावतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच असल्याने येथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते; सात पौंड दाबाचे धड झाकण असेल, तर ते सुमारे 110 अंशांपर्यंत धीर धरते. तेव्हा 82 नंतरही पुरेसा अवकाश उरतो. यास्तव रेडिएटर स्वच्छ असेल, तर बारमाही 82 घ्यावा. केवळ उन्हाळ्यात लांबचा प्रवास करणाऱ्याने 74 घेतल्यास हरकत नाही. मात्र थर्मोस्टॅटच काढून टाकणे सर्वथा टाळावे. गाडी अन्य जातीची असेल, तर तिच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

नवा थर्मोस्टॅट राणीगंजातून आणल्यावर घरीच पारखावा. पातेल्यातील पाण्यात तो दोऱ्याने असा टांगावा की, बुडास टेकणार नाही. शेजारी तापमापक धरावा. कोरलेल्या आकड्याच्या जवळपास झडप हलू लागते आणि आणखी दहा-पंधरा अंशांनी पूर्ण उघडते. बसविताना मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूस ठेवावी व नवे गॅस्केट घालावे. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी न घालता शुद्ध पाणी व कूलंट घालावे. आणि इंजिन गरम असता झाकणास हात लावू नये, हे मुलांनाही बजावावे.

आमच्या गाडीत आता 82 आहे. रेडिएटर धुऊन घेतला, त्यानंतरच्या मे महिन्यात आईस तुळजापुरास नेले. जहीराबाद मागे पडले, तरी तापमापकाचा काटा मध्यावरच होता. आईने मात्र त्याकडे पाहिले नाही. ती त्या झाडाकडे पाहून हसली.