बाळंतिणीचं पोट कोण तपासणार?

परवा एका लग्नात ओळखीच्या बाईंनी माझ्या वहिनीला सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, पुन्हा गोड बातमी?" वहिनीचा मुलगा दोन वर्षांचा आहे. ती कसनुसं हसली आणि न जेवताच घरी निघाली.

दोन वर्षं घरचे, शेजारचे तिला एकच सांगत होते : वजन कमी कर. तिनं नऊ किलो उतरवले. पोट तसंच! शेवटी एका फिजिओथेरपिस्टनं तिला उताणं झोपवून मान उचलायला लावली, बेंबीपाशी बोटं ठेवून पाहिलं. मधल्या फटीत तीन बोटं बसली.

याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. गरोदरपणात पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधली पट्टी ताणली जाते आणि स्नायू बाजूला सरकतात. बऱ्याच जणींचे बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुन्हा जवळ येतात, काहींचे येत नाहीत. वजन उतरलं की पोटावरचा भार कमी होतो, पण ताणलेली पट्टी त्यानं आवळत नाही. नीट शिकून केलेल्या खोल स्नायूंच्या व्यायामानं ताकद येते, फटही थोडीफार कमी होऊ शकते. मात्र मोबाईलवर बघून सिटअप्स मारताना पोटाच्या मधोमध उंचवटा येत असेल तर थांबा. ऑपरेशन हा शेवटचा मार्ग. फट मोठी असेल, त्रास होत असेल आणि पुढे मूल नको असेल, तेव्हाच त्याचा विचार करतात. तेही 'सौंदर्यासाठी' म्हणून बहुतेकदा विम्यात बसत नाही.

आता मुद्दा. आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात. दीड महिन्याच्या लसीला आई बाळाला घेऊन आरोग्य केंद्रात जाते. बाळाचं वजन होतं, लस होते, कार्डावर नोंद होते. आई तिथंच उभी असते. तिचं पोट तपासायला यंत्र लागत नाही. दोन बोटं आणि एक मिनिट पुरतं. फट असेल तर काय उचलायचं नाही, कुठला व्यायाम करायचा, कधी परत दाखवायचं, एवढं सांगा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट द्या. ही मागणी फार मोठी आहे का?

आणि तोवर आपण एक करू शकतो. कुणाचं पोट बघून गोड बातमी विचारू नका.

पटलं तर तुमच्या भागातल्या आशाताईंपर्यंत आणि जिल्हा परिषद सदस्यांपर्यंत पोचवा.