विश्लेषण : पहिली सुई रुग्णाला की जेलला? मऊ अवयवांची प्रतिकृती कशी तयार होते?

राज्यातील १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. त्यात जालन्याचाही समावेश होता. परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या गावांतून मोठ्या उपचारांसाठी शहर गाठणाऱ्यांना ही जवळची सोय आहे. मात्र महाविद्यालय आले की शिकाऊ हातही आले. या हातांनी पहिली सुई कुणाला टोचायची, रुग्णाला की प्रतिकृतीला? या प्रश्नाचे एक उत्तर पॉलिमर जेलमध्ये आहे.

जेल म्हणजे नेमके काय?

पॉलिमर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. त्या एकमेकींत गुंतल्या की जाळे तयार होते आणि त्यात पाणी अडकून राहते. बाळाच्या डायपरमध्ये ओल धरून ठेवणारा पदार्थ याच जातीचा. आपले स्नायू, यकृत, त्वचा यांतही मोठा वाटा पाण्याचाच. म्हणून मऊ अवयवांची नक्कल करायला रबरापेक्षा जेल जवळचे ठरते.

मऊपणा कसा ठरवतात?

कापडाच्या खळीत आणि डिंकात वापरले जाणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पाण्यात विरघळवून गोठवतात, मग वितळू देतात. गोठताना बर्फाचे स्फटिक साखळ्यांना बाजूला रेटून दाटीवाटीने एकत्र आणतात. तिथे त्या घट्ट बांधल्या जातात. बर्फ वितळला की त्याच्या जागी छिद्रे उरतात. ही फेरी जितक्या वेळा करावी, तितके जेल घट्ट होत जाते. पॉलिमरचे प्रमाण आणि गोठवण्याचा वेग बदलला की छिद्रांचा आकारही बदलतो. म्हणजे एकाच पदार्थापासून मऊ यकृतही करता येते आणि चिवट रक्तवाहिनीही.

उपयोग फक्त सरावापुरता आहे का?

नाही. २००६ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या एका संशोधनात मूळपेशी वेगवेगळ्या घट्टपणाच्या जेलवर वाढवल्या होत्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या, तर स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूपेशींसारख्या होऊ लागल्या. छिद्रांमधून पेशींना प्राणवायू आणि अन्न मिळते. त्यामुळे औषधांची चाचणी अशा ऊतींवर घेण्याचा मार्ग खुला होतो. भारताने २०२३ मध्ये नियम बदलून प्राण्यांऐवजी अशा पद्धतींनी मिळालेली माहितीही ग्राह्य धरण्याची तरतूद केली.

अडचणी कोणत्या?

उघड्यावर ठेवलेले जेल सुकते, आक्रसते. जिलेटिन स्वस्त, पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते टिकणे कठीण. अगर उष्णतेत टिकते, पण ठिसूळ असते. शिवाय खऱ्या अवयवात थर, नसा, रक्तस्राव असतो. एकसंध जेलमध्ये तो अनुभव येत नाही.

जालन्यासाठी याचा अर्थ काय?

जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे आयसीटीचा परिसर आहे. आता त्याच शहरात वैद्यकीय महाविद्यालयही आहे. जेल तयार करायला शीतपेटी, साचे आणि काटेकोर मोजमाप पुरते. मात्र ते खऱ्या ऊतीशी कितपत जुळते, हे तपासायला रसायनतज्ज्ञ आणि डॉक्टर दोघेही लागतात. दोन्ही संस्थांनी हात मिळवला, तर महागड्या आयात प्रतिकृतींची वाट पाहावी लागणार नाही. त्याचा खरा लाभ आष्टीहून आलेल्या रुग्णाला होईल. सुई धरणारा हात तोवर सरावलेला असेल.