तिळा तिळा, दार उघड

अलिबाबाच्या गोष्टीतला कासीम आठवतो ना? गुहेत शिरला, मोहरांची पोती भरली आणि बाहेर पडायच्या वेळी नेमका 'तीळ' विसरला! बाकी साऱ्या धान्यांची नावे घेऊन झाली, दार काही हलेना. पुढे त्याचे काय झाले ते ऐन दिवाळीत नको सांगायला.

आमच्या महाविद्यालयाच्या संगणकांच्या खोलीत जाऊ लागल्यापासून मला हा कासीम वरचेवर आठवतो. माहितीचा साठा, म्हणजे डेटाबेस, हुकूम टंकून उघडायचा तर तिथेही नाव अचूक लागते. मराठी शिकवणाऱ्या बाईचे तिथे काय काम, असे आपण म्हणाल. पण ही भाषा निव्वळ आज्ञार्थाची, आणि आज्ञार्थ हा तर माझाच प्रांत! 'यूज' म्हणजे 'हे घे', 'सिलेक्ट' म्हणजे 'निवड', 'अटॅच' म्हणजे 'हेही सोबत जोड'. 'कृपया' नाही, 'आपण' नाही. सगळा कारभार एकेरी. निवडीचे वाक्य संपले की अर्धविराम द्यायचा. तो राहिला तर यंत्र पुढच्या ओळीवर मुकाट थांबून राहते.

१९७० साली एडगर कॉड यांनी माहिती कोष्टकांच्या रूपाने हाताळण्याचा विचार मांडला आणि १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन व बॉइस यांनी त्यासाठी भाषा रचली. निवडायचे कसे, हे आज बहुतेक ठिकाणी सारखेच. दार उघडण्याचा मंत्र मात्र घरोघरी निराळा. मायएस्क्यूएलमध्ये 'शो डेटाबेसेस' म्हणून यादी मागवावी, मग 'यूज' आणि नाव. नाव चुकले, तर असा डेटाबेस ठाऊक नाही, असे ते तोंडावर सांगते. मला हा फटकळपणा आवडतो. २००० साली रिचर्ड हिप यांनी केलेले एसक्यूलाइट (आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही तेच असते) मात्र भारी भिडस्त. नसलेले नाव सांगा, ते 'नाही' म्हणणारच नाही. त्या नावाची कोरी गुहा उघडून देईल.

परतूर तालुक्यातली माझी एक विद्यार्थिनी अशाच कोऱ्या गुहेत जाऊन बसली होती. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठी बोलींचे सर्वेक्षण महाजालावर ठेवले आहे; ते पाहून हिने आपल्या भागातले शेतीचे शब्द जमवायला घेतले. तिफण, चाडं, इर्जिक, तिवडा. निम्मे शब्द आजीच्या तोंडचे, आणि आजी गेल्या ज्येष्ठात गेली.

"मॅडम, सगळं गेलं हो," एवढेच ती म्हणाली.

कोष्टकांची यादी मागितली की पडद्यावर काहीच येत नव्हते. प्रयोगशाळेतले आमचे तरुण सहायक शांतपणे म्हणाले, "ताई, आधी फोल्डर तर बघू." तिथे दोन फायली निघाल्या. इंग्रजीत 'जालना' लिहिताना 'जे'पुढे एकीत एक 'ए', दुसरीत दोन. एक भरलेली, दुसरी शून्य बाइटची! आता पोरीला काय बोलावे? इंग्रजांच्या छावणीच्या काळातल्या कागदांत तर या गावाच्या नावात 'ए'पुढे 'यू'ही घालत.

भरलेल्या फायलीचे नाव देताच आजीचे शब्द रांगेने पडद्यावर आले. पोरीने डोळे पुसले. सहायकांनी मग तिला एक युक्ती दाखवली: 'फक्त वाचायला' म्हणून उघडायचे. असे सांगितले की हे भिडस्त यंत्रसुद्धा नसलेली फाइल निर्माण करत नाही, उघडता येत नाही म्हणून मोकळे होते.

परवा तिने जाफराबादकडच्या मैत्रिणीचा संग्रह आपल्या संग्रहाला 'अटॅच' केला आणि दोन्हींत सामाईक शब्द किती, ते विचारले. खळ्यातला मधला खांब काही त्यांत आला नाही. एकीने 'तिवडा' लिहिला आहे, दुसरीने 'तिव्हडा'. सध्या दोघी घरोघरच्या म्हाताऱ्यांना तो शब्द पुन्हा म्हणायला लावीत हिंडताहेत.