‘पोरं मिळत नाहीत’ म्हणजे नेमकं काय?

नाशिकमध्ये हॉटेल, ढाबा, केटरिंग किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्या कोणाशीही पाच मिनिटं बोला, एक वाक्य येणारच: पोरं मिळत नाहीत. सोमवार ते शुक्रवार कसंबसं निभावतं. शनिवार-रविवार आला की वाढपी नाही, तंदूरवर माणूस नाही, भांडी घासायला कोणी नाही. यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं. आजकालच्या पोरांना कष्ट नकोत, हातात मोबाइल दिला की झालं. आपल्या समाजातले मालक त्यात एक भर घालतात, की आपली पोरं चौकात बसून राहतील, पण ट्रे उचलणार नाहीत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हॉटेलवाला नाही. पण मुंबई-आग्रा महामार्गालगत माझ्या मामूंचं हॉटेल आहे आणि त्यांच्या बिलिंगचं व हजेरीचं काम गेली काही वर्षं मी रात्री बसून बघतो. त्यामुळे ‘पोरं मिळत नाहीत’ हे वाक्य मला आकड्यांच्या बाजूनेही दिसतं. मामूंच्या नोंदींमध्ये पोरं मिळतात. दर महिन्याला नवी नावं येतात. ती टिकत नाहीत, आणि बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतर गायब होतात. म्हणजे काम न करणाऱ्यांची ही यादी नाही. ज्यांनी काम करून पाहिलं आणि मग नको म्हटलं, त्यांची ही यादी आहे.

नाशिकचा शनिवार-रविवार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. गंगापूर धरणाजवळ २००० साली सुलाची वाइनरी सुरू झाली, २००५ मध्ये तिथे टेस्टिंग रूम आली आणि मुंबई-पुण्याच्या माणसाला नाशिकला येण्यासाठी देवदर्शनापलीकडचं एक कारण मिळालं. आज गंगापूर रोडपासून त्र्यंबकच्या रस्त्यापर्यंत रिसॉर्ट, फार्महाउस, मिसळीची अंगणं पसरली आहेत. सकाळी मिसळ, दुपारी त्र्यंबकेश्वर किंवा द्राक्षमळा, रात्री बिर्याणी, आणि रविवारी संध्याकाळी परत. आठवड्याच्या धंद्याचा मोठा वाटा या दोन दिवसांत गोळा होतो. त्यात लग्नसराई आली की तेच वाढपी, तेच आचारी चार ठिकाणी हवे असतात.

आमच्या क्षेत्रात याला पीक लोड म्हणतात. ठरावीक वेळी गर्दी वाढते, तेव्हा जास्तीचे सर्व्हर चालू करायचे आणि गर्दी ओसरली की बंद करायचे. मालक लोक पोरांबद्दल असंच बोलतात: शनिवारी दहा द्या, सोमवारी नकोत. पण सर्व्हरला सोमवारी घरभाडं भरावं लागत नाही.

माझ्या कंपनीतही रविवारी काम असतं. महिन्यातून एकदा माझी ऑन-कॉलची पाळी येते आणि सिस्टिम पडली की रात्री दोनलाही उठावं लागतं. पण ही पाळी मला महिनाभर आधी कळते, तिचा वेगळा भत्ता मिळतो आणि बदली सुटी मिळते. या तीन गोष्टी काढून घ्या आणि बघा किती इंजिनिअर मिळतात. तेव्हा कोणी म्हणणार नाही की इंजिनिअर आळशी झाले.

आता हॉटेलातल्या मुलाचा रविवार बघा. अकराला हजेरी. चार-साडेचारला ‘जाऊन ये’. पण वडाळागावातून किंवा त्याही पलीकडून आलेला मुलगा दोन तासांसाठी जाणार कुठे? तो मागच्या खोलीत पोत्यावर पडून राहतो. साडेसहाला पुन्हा उभा. शेवटचं टेबल बाराला उठतं, मग फरशी, मग जेवण. सिटी बस नाही, रिक्षा परवडत नाही. पगारात दोन-दोन महिन्यांची अडकवणूक, उचल घेतली की वर्षभर मिंधेपणा, एक खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापला. आणि आठवड्याची सुटी? ‘गर्दी नसेल तेव्हा सांगतो.’

या मुलांच्या मागण्या लिहून काढल्या तर त्या अशा होतील: आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी, दुपारी विश्रांती, कामाच्या वेळेला सुरुवात आणि शेवट, पगार ठरलेल्या तारखेला, आणि काम करताना भाजलं-कापलं तर भरपाई. ही यादी मी बनवलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे निवेदन केलं, त्याच्या या मागण्या आहेत. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. सहा वर्षांनी, २४ एप्रिल १८९० रोजी, मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ‘दीनबंधु’ चालवणारे, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि १८९३ च्या मुंबईतल्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर सलोख्यासाठी राबलेले लोखंडे. आपण जो रविवार हॉटेलात जाऊन साजरा करतो, तो या माणसाच्या खटपटीने आपल्यापर्यंत आला. तो वाढप्यापर्यंत मात्र अजून पोचलेला नाही.

रविवारी हॉटेल बंद ठेवा, असं मी म्हणत नाही. शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर पुन्हा कामाला लागणारे आपण, अमुकच वार पाळला पाहिजे असा आपला आग्रह नसतो. प्रश्न एवढाच आहे, की ज्याने आपला रविवार विकला त्याला बदल्यात दुसरा दिवस आणि योग्य किंमत मिळते का.

कायदा याचं उत्तर देतो, निदान कागदावर. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मालकाला सातही दिवस धंदा उघडा ठेवू देतो, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग २४ तासांची सुटी द्यायला लावतो. जादा कामाला दुप्पट दर. २०१७ च्या मूळ तरतुदींत पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती आणि दिवसाचा एकूण पसारा, म्हणजे पहिल्या हजेरीपासून शेवटच्या निघण्यापर्यंत, साधारण साडेदहा तास होता, अपवाद म्हणून बारा. अकरा ते साडेबारा हा हिशोब कोणत्याच कलमात बसत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्यविक्री सोडून इतर आस्थापनांना चोवीस तास उघडं राहता येईल असं सरकारने स्पष्ट केलं, तेव्हाही २४ तासांच्या साप्ताहिक सुटीची अट कायम होती. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात ‘चोवीस तास’ आलं, अट आत राहिली.

उलट दिशेचंही एक पाऊल पडलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजचे कामाचे तास नऊवरून दहा करायला आणि हा कायदा वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता ठेवायला मान्यता दिली. आधी ही मर्यादा दहाची होती. नाशिकमध्ये वीस माणसं कामाला असलेली हॉटेलं किती, ते तुम्हीच रस्त्यावर उभं राहून मोजा. छोट्या हॉटेलातल्या मुलाने आता कोणत्या कलमाकडे बोट दाखवायचं?

तो बोट दाखवत बसत नाही. तो निघून जातो. स्विगी-झोमॅटोची बॅग पाठीवर घेऊन तोच मुलगा रविवारी रात्री अकराला रस्त्यावर दिसतो. तिथलं काम काही सुखाचं नाही. पाऊस, रेटिंग, पेट्रोल, अपघात, सगळं त्याच्याच डोक्यावर. पण केव्हा सुरू करायचं आणि केव्हा बंद, हे तो ठरवतो, आणि पैसे आठवड्याला खात्यात येतात. पेठ, सुरगाण्याकडून येणारे मजूर जानेवारी ते एप्रिल दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत असतात. नेमकी तेव्हाच लग्नसराई आणि पर्यटक दोन्ही जोरात असतात. शिकणाऱ्या मुलांनी शनिवार-रविवार काम करावं, असं सगळे सुचवतात. पण नोकरी करत मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्यांची संपर्क सत्रं बहुधा सुटीच्याच दिवशी असतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर आपल्याच गावात आहे, एखाद्या मालकाने तिथलं वेळापत्रक कधी पाहिलं आहे का?

आपल्या समाजापुरतं थोडं वेगळं बोलतो. वाइनमुळे नाशिकच्या या धंद्याला बरकत आली, पण दारूचा ग्लास उचलायला आपली बरीच मुलं तयार नसतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही आणि त्यांच्या वतीने दुसऱ्यांना उपदेश करण्यातही नाही. स्वयंपाकघर, रिसेप्शन, बुकिंग, हिशोब, अशी कितीतरी कामं आहेत ज्यांत हा प्रश्न येत नाही. मुलाखतीत सरळ विचारलं तर दोन मिनिटांत सुटणारी ही गोष्ट आहे. जुम्याची वेळ दुपारच्या जेवणाच्या गर्दीत येते, हेही खरं. मामूंकडे दोन तुकड्या दोन वेगवेगळ्या मशिदींत जातात, जमातची वेळ वेगळी असते. ईदला हिंदू मुलं हॉटेल सांभाळतात आणि दिवाळीत मुस्लिम मुलं. यासाठी कोणी बैठक घेतली नव्हती. मुलांनी आपापसात ठरवलं, मामूंनी फक्त मोडता घातला नाही.

आणि एक गोष्ट आपल्याच लोकांना टोचेल. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुरुवारी रात्री येणारे संदेश मी साठवून ठेवतो: ‘अर्जंट, शनिवारी फंक्शन, दहा मुलं पाहिजेत.’ त्यात वेळ नसते, पैसे किती ते नसतं, कधी देणार ते तर नसतंच. मजुराची मजुरी वेळेवर देण्याविषयीची हदीस मात्र याच ग्रुपवर दर १ मेला फिरते. एका लग्नात वाढलेल्या मुलांना ठेकेदाराने वीस दिवस फिरवलं, तेव्हा त्यातल्या एकाने मला विचारलं, ‘भाई, ती पोस्ट त्यालाच पाठवू का?’

मुलींचा विषय काढला की बैठकीत शांतता पसरते. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, संगणकावर बिल करू शकणाऱ्या आपल्या कितीतरी मुली घरी आहेत. रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहन, हे २०१७ चाच कायदा सांगतो. पण साडेनऊच्या आधीचं काय? शनिवार-रविवारी सकाळी आठ ते दुपारी चार अशी नाश्त्याची आणि दुपारच्या जेवणाची पाळी आखली तर वाहनाचा प्रश्नच येत नाही. मग अडचण मुलींची आहे, मालकांची आहे की घरातल्या पुरुषांची, हे ज्याने त्याने आपापल्या घरात विचारावं.

मालकांची बाजूही मला माहीत आहे, कारण तो गल्ला मीच मोजतो. भाडं, गॅस, तेल, ॲपवाल्यांचं कमिशन. शेजारचा दहा रुपये स्वस्त देतो म्हणून गिऱ्हाईक फिरतं. रविवारी रात्री साडेनऊला चौदा माणसांचं कुटुंब न सांगता येतं आणि वीस मिनिटांत सगळं टेबलावर हवं असतं. (आमचं कुटुंबही याला अपवाद नाही.) अशा वेळी ‘नियम पाळा’ म्हणणं सोपं आहे.

तरी मामूंनी दीड वर्षापूर्वी काही गोष्टी बदलल्या. मंगळवारी हॉटेल बंद. मला वाटलं होतं की ते तयार होणार नाहीत. जर्मनीत कितीतरी रेस्टॉरंटच्या दारावर आठवड्याच्या बंद दिवसाची पाटी असते, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘बेटा, जर्मनीत मंगळवारी मोड आलेला मटार कोण फेकतं?’ शेवटी मंगळवारचा गल्ला आणि मंगळवारचा खर्च मी कागदावर शेजारी-शेजारी लिहून दिला, तेव्हा मानले. पाळ्यांचा तक्ता पंधरा दिवस आधी भिंतीवर लागतो. शनिवार-रविवारची हजेरी दीडपट. पगार सात तारखेला, उचल असो वा नसो. रात्री मुलांना सोडायला भाजीची ओम्नी जाते. हंडी बिर्याणीचा दर वीस रुपयांनी वाढला, चार दिवस कुरकुर झाली.

चमत्कार झाला नाही. द्राक्षाच्या हंगामात अजूनही माणसं कमी पडतात, दोन चांगले कारागीर याच काळात दुबईला गेले. पण तिसऱ्या रविवारनंतर गायब होणारी नावं कमी झाली, आणि नवा मुलगा आता बहुधा जुन्या मुलाच्या ओळखीने येतो, ठेकेदाराकडून नाही. ठेकेदाराचा वाटा वाचला, दीडपट हजेरीचा काही भाग त्यातून निघाला. हे गणित आधी कोणी मांडलं नव्हतं, एवढंच.

मला काळजी आहे ती २०२७ च्या सिंहस्थाची. तेव्हा नाशिक-त्र्यंबकचा प्रत्येक दिवस शनिवार-रविवार असेल. राहण्याची, खाण्याची सोय करायला बाहेरून ठेकेदार हजारो मुलं आणतील. रस्ते, घाट, पार्किंग यांच्या बैठका चालू आहेत. ही मुलं झोपणार कुठे, आठवड्याचा एक दिवस त्यांना मिळणार का, भट्टीवर भाजलं तर कोणत्या दवाखान्यात नेणार, याची बैठक कोणी घ्यायची? हॉटेल चालकांच्या संघटना, महापालिका आणि कामगार आयुक्तांचं कार्यालय यांनी ती आत्ताच घ्यावी, आणि वाढप्याचं काम करणारी दोन-चार मुलंही तिथे खुर्चीवर बसलेली असावीत. ट्रे घेऊन उभी असलेली नव्हे.