स्वस्त टायर : किलोमीटरमागे किती पैसे?



गेल्या अंकात वर्षाच्या साठवणीच्या गव्हाबद्दल लिहिलं, तेव्हा यावेळी गाडीच्या टायरबद्दल लिहावं लागेल असं मलाही वाटलं नव्हतं. ‘हा काय बायकांचा विषय?’ असं काहीजणी म्हणतील. आमच्या ह्यांनीही तेच म्हटलं. पण घरखर्चाची वही माझ्याकडे असते, आणि त्या वहीत दीड वर्षात दोनदा ‘टायर’ हा शब्द आला, तेव्हा मी हिशेब मांडायला बसले.

चूक माझीच होती, ती आधी सांगते. त्या महिन्यात मुलाची फी आणि सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकदमच आलं होतं. आमच्या छोट्या गाडीचे टायर तर गुळगुळीत झालेले. दुकानदाराने दोन टायर पुढे ठेवले. “वहिनी, हा नावाजलेल्या कंपनीचा, ३,२०० ला एक. आणि हा २,२०० ला. काळा तोही, काळा हाही!” चार टायरमागे ४,००० रुपये वाचत होते. ह्यांचं मन होईना, पण मीच म्हटलं, “अहो, हेच घ्या.”

पुढच्या वर्षी जुलैत चिपळूणहून माझ्या माहेरी, कराडला निघालो होतो. कुंभार्ली घाटात पावसाने नुसता कहर केला होता. एका वळणावर पुढचा ट्रक एकदम थांबला. ह्यांनी ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना, साबणावरून पाय घसरावा तशी सरकत गेली. ट्रकच्या मागे वीतभर अंतरावर थांबली. मागच्या सीटवर सासूबाई होत्या आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून माझा मुलगा झोपलेला. कराडला पोचेपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही.

तिथल्या टायरवाल्याने पुढची चाकं वळवून दाखवली. बाहेरून बरे दिसणारे टायर आतल्या कडेला पार झिजले होते. गाडी तोवर फक्त २०,००० किलोमीटर चालली होती.

आता हिशेब पाहा. स्वस्त टायर चार, ८,८०० रुपये. बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून ९,८००. भागिले २०,०००, म्हणजे किलोमीटरला ४९ पैसे. नंतर घेतलेले चांगले टायर तसेच सगळं धरून १३,८०० ना पडले. ते आज २६,००० किलोमीटर चालले आहेत. नवे असताना त्यांची नक्षी ८ मिलिमीटर खोल होती, आता ४ उरली आहे. म्हणजे ४०,००० सहज गाठतील. किलोमीटरला साडेचौतीस पैसे! वाचवलेले ४,००० कुठे गेले, ते कळलं ना?

पण सगळा दोष टायरवर ढकलणंही बरोबर नाही. मधल्या काळात आम्ही एकदाही अलाइनमेंट तपासली नव्हती. टायरची एकच कड झिजली तर चाकं तिरकी आहेत असं समजावं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, आणि मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. अशा गाडीला महाग टायर घातला तरी तोही लवकरच संपेल. गळक्या पिंपात कितीही पाणी भरा, तसंच ते.

आणखी एक गोष्ट मला नव्याने कळली. स्वस्त टायर प्रत्येक वेळी लवकर झिजतोच असं नाही. काहींचं रबर कडक असतं, ते पुष्कळ टिकतात. पण कडक रबर ओल्या रस्त्याला नीट धरत नाही. म्हणजे ‘किती टिकला’ एवढ्यावरच टायरची परीक्षा होत नाही. पावसात ब्रेक लागतो का, हा प्रश्न पैशांच्या रकान्यात मांडता येत नाही, आणि खरा प्रश्न तोच असतो.

मग नेहमी महागच घ्यायचा का? तसंही नाही. आमच्या शेजारच्या काकूंची गाडी वर्षाकाठी जेमतेम ३,००० किलोमीटर चालते, तीही बाजार आणि देवळापुरती. त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतील, कारण न वापरताही रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी असली तरी टायर तपासून घ्यावा. अशा घराने सगळ्यात टिकाऊ टायरसाठी जादा पैसे मोजू नयेत. मधल्या किमतीचा, माहितीच्या कंपनीचा, पण ताजा टायर त्यांना पुरेसा आहे. रोज हमरस्त्याने किंवा घाटातून जाणाऱ्यांनी मात्र इथे काटकसर करू नये.

दुकानात जाल तेव्हा एवढं पाहा :

१. तारीख. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ‘सवलतीचा’ टायर पुष्कळदा जुना पडून राहिलेला असतो. मसाल्याच्या पुडीवरची तारीख आपण बघतो, तशी हीही बघा.

२. माप. आमच्या गाडीला १४५/८० आर १२ लागतो. १४५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ८० टक्के उंची, आर म्हणजे रेडियल, आणि १२ इंचांची रिम. तुमच्या गाडीचं माप पुस्तिकेत असतं. ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

३. आय.एस.आय. खूण आणि पक्की पावती. पावती नसेल तर वॉरंटीही नाही.

४. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवा. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरणं फार कठीण जातं.

घरी आल्यावर दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना हवा तपासा. आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चिकटपट्टीवर असतो. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला चाकांची पुढची-मागची अदलाबदल आणि अलाइनमेंट करून घ्या. स्टेपनीला विसरू नका. आणि नक्षीच्या खाचांत बोट फिरवून बघा. तळाशी लहान उंचवटे लागतील, ते १.६ मिलिमीटरचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर तर तोवरही थांबू नका. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर जात नाही आणि चाक पाण्यावर तरंगतं.

आमच्या वहीत आता ‘टायर’ नावाचं वेगळं पान आहे. दर महिन्याला ३५० रुपये त्या नावाने डब्यात टाकते. पुढची वेळ येईल तेव्हा फी आणि ऑपरेशन एकदम आलं तरी मला २,२०० चा टायर निवडावा लागणार नाही.

आज संध्याकाळी हे घरी आले की टॉर्च घेऊन एकदा गाडीपाशी जा. पुढची चाकं पूर्ण वळवायला सांगा आणि आतली कड बघा. आम्ही तीच बघितली नव्हती.