परवाना धोक्यासाठी की मिरवण्यासाठी?



‘शस्त्रपरवाने सढळ हाताने द्या’ हे पत्र वाचले. १८७८च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी आपल्याला नि:शस्त्र केले, हे पत्रलेखकाचे म्हणणे रास्त आहे. पण आजचा कायदा १९५९चा, आपल्याच संसदेचा. त्यात वाट बंद नाही. नाशिक शहरात पोलिस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. फक्त गरज पटवून द्यावी लागते, चारित्र्य पडताळणी होते. यात जाच कसला?

‘परवानाधारक जबाबदारच असतो’ हेही पटत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये मुंबईत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांची हत्या ज्या पिस्तुलाने झाली, ते मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होते. म्हणजे परवाना एकाचा, चाप ओढणारा दुसराच! बीडमध्ये सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर परवान्यांची छाननी झाली आणि अनेक रद्द करावे लागले. ते आधी मिळालेच कसे?

निफाड-दिंडोरीच्या मळ्यात रात्री पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला बिबट्याची धास्ती असते, हे मान्य. त्यावर उपाय दिवसा वीज आणि वन विभागाचा पिंजरा, पिस्तूल नव्हे.

शस्त्राची खरी हौस वरातीत आणि रीलमध्ये दिसते. नियमाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्येच हवे. आनंदाच्या भरात बेदरकार गोळीबार केल्यास २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवे परवाने वाटण्याआधी नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तोंडावर जुन्यांचीच झाडाझडती घ्यावी.

– एक वाचक, नाशिकरोड